आधी निळा, मग हिरवा

डब्लिनमध्ये लेकीच्या स्वयंपाकघरात चहा ओतत होतो, तेवढ्यात दंडाला कडकडून चिमटा बसला. मागे सात वर्षांचा नातू उभा. डोक्यावर कागदाची हिरवी टोपी, गालावर हिरवं तीन पानांचं चित्र, तोंडभर हसू. "आबा, तू ग्रीन नाही घातलंस! आज जो ग्रीन घालत नाही त्याला चिमटा काढायचा असतो." सतरा मार्च, म्हणजे आयर्लंडचा सेंट पॅट्रिकचा सण, दोन दिवसांवर होता, म्हणून शाळेने मुलांना आजच हिरवे कपडे घालून बोलावलं होतं. माझ्या अंगात नेव्ही ब्लू स्वेटर. थंडीसाठी इचलकरंजीहून नेलेला तो एकच.

मी चौतीस वर्षं इचलकरंजीत कापड रंगवण्याच्या एका प्रोसेसमध्ये डाइंग मास्तर होतो. व्यापारी बोटभर चिंधी आणून टेबलावर ठेवायचा, म्हणायचा, "मास्तर, ही शेड पाहिजे, पाच हजार मीटर." मग ती चिंधी, खिडकीचा उजेड आणि मी. रंगाच्या बाबतीत मला कुणी सहसा टोकत नाही. त्यामुळे एका पोराने रंगावरून चिमटा काढावा, हे जरा झोंबलंच. त्या महिन्याभरात मी डब्लिनमध्ये याच एका गोष्टीच्या मागे लागलो. लेक कंटाळली, जावई हसत राहिला.

सुरुवात शेजारच्या आजीबाईंपासून केली. वय ब्याऐंशी, जन्म डब्लिनचाच. त्यांना चिमट्याचं सांगितलं तर त्या चकित झाल्या. त्यांच्या लहानपणी असलं काही नव्हतं. सकाळी चर्च, कोटाला शॅमरॉकची, म्हणजे त्या तीन पानांच्या पाल्याची, जुडी टाचलेली, पोरांच्या छातीवर हिरव्या फितीचं फूल आणि त्यावर सोनेरी कागदाची हार्प. लंडनमध्ये कामाला गेलेल्या भावाला आई डबीत ओलसर कापूस घालून शॅमरॉक पोस्टाने पाठवायची. संध्याकाळी जल्लोष वगैरे नाही, कारण दारूची दुकानं बंद! 1927च्या कायद्याने सेंट पॅट्रिकच्या दिवशी पब बंद झाले ते पुढची तीसेक वर्षं बंदच राहिले. दारू मिळण्याची गाजलेली जागा म्हणजे बॉल्सब्रिजला भरणारं कुत्र्यांचं प्रदर्शन. आजीबाई म्हणाल्या, त्या दिवशी डब्लिनच्या पुरुषांना कुत्र्यांबद्दल फार प्रेम दाटून यायचं. चिमटा हा अमेरिकन प्रकार आहे, टीव्हीवरून आणि आता मोबाइलवरून इकडे आला, असा त्यांनी निकाल दिला. तो बरोबर आहे.

म्हणजे माझ्या दंडावरचा वळ आयरिश नव्हताच. मग हिरवा तरी?

लेकीने एका रविवारी डब्लिन कॅसल दाखवायला नेलं. इंग्रजांचा आयर्लंडवरचा कारभार सातशे वर्षं जिथून चालला ती ही जागा. आत सेंट पॅट्रिक्स हॉल नावाचं मोठं दालन आहे, आजही राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी तिथेच होतो. भिंतींवर वरच्या बाजूला जुन्या सरदारांचे झेंडे टांगलेत. 1783 साली राजा तिसऱ्या जॉर्जने 'ऑर्डर ऑफ सेंट पॅट्रिक' नावाचा मानाचा संघ काढला, त्याचे हे मानकरी. इंग्लंडच्या सरदारांना गार्टर, स्कॉटलंडच्यांना थिसल, तसा आयर्लंडच्यांना पॅट्रिक. गार्टरचा पट्टा गडद निळा, थिसलचा हिरवा. पॅट्रिकवाल्यांसाठी रंग ठरला आकाशी निळा. हिरवा तेव्हा स्कॉटलंडकडे गेला होता, ही गंमत मला तिथेच कळली. त्या आकाशी छटेला 'सेंट पॅट्रिक्स ब्लू' म्हणतात. संघाची रत्नजडित चिन्हं 1907 साली याच किल्ल्यातून चोरीला गेली ती आजतागायत सापडलेली नाहीत, आणि शेवटचा मानकरी 1974 साली वारला. निळा मात्र उरला. आयर्लंडच्या राजमुद्रेत सोनेरी हार्प आहे ती निळ्या भूमीवर. फिनिक्स पार्कमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासावर फडकतो तो झेंडाही निळाच. लंडनच्या राजवाड्यासमोर पहारा देणाऱ्या आयरिश गार्ड्सच्या केसाळ टोपीतला तुरा तोही निळा. घरी आल्यावर मी नातवाला स्वेटर दाखवून म्हटलं, बघ, तुझ्या आबाने राष्ट्राध्यक्षांचा रंग घातला होता. त्याने छटा जुळत नाही असं सांगितलं. बरोबर होतं त्याचं. नेव्ही आणि आकाशी यांत फरक आहे, रंगाऱ्याचा नातू आहे तो.

निळ्याच्याही मागे गेलं तर पिवळा निघतो, आणि इथे मी खरा खूश झालो. मध्ययुगातले आयरिश लोक गुडघ्यापर्यंतचा, ढगळ बाह्यांचा, केशरी-पिवळ्या रंगात बुडवलेला तागाचा अंगरखा घालत. परदेशी चित्रकारांनी काढलेल्या जुन्या चित्रांत तो दिसतो. हा पेहराव इंग्रज राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत इतका खुपला, की आठव्या हेन्रीच्या राजवटीत 1537 साली कायदाच झाला. भाषा इंग्रजी, वळण इंग्रजी, कपडा इंग्रजी, आणि केशरात रंगवलेले सदरे घालायचे नाहीत. आयर्लंडमध्ये रंगावरून सरकारी बडगा पहिल्यांदा उगारला गेला तो हिरव्यावर नव्हे, केशरीवर. ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश तुकड्यांचे बॅगपाइपवाले पुढे केशरी घागरे घालून वाजवू लागले, ते याच आठवणीतून.

आणि ज्याच्या नावाने हे सगळं चालतं तो पॅट्रिक? पाचव्या शतकातला माणूस, जन्म रोमन अमलाखालच्या ब्रिटनमध्ये. सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी पळवून नेला, सहा वर्षं गुलाम म्हणून मेंढरं राखली, पळून घरी पोचला आणि पुढे त्याच बेटावर धर्मोपदेशक होऊन परतला. त्याने स्वतः लिहिलेलं आत्मनिवेदन आजही वाचायला मिळतं. त्यात हिरव्या रंगाचं काही नाही आणि शॅमरॉकचंही काही नाही. तीन पानं दाखवून त्याने ख्रिस्ती त्रैक्य समजावलं ही गोष्ट छापील रूपात भेटते 1726 साली, केलेब थ्रेलकेल्ड नावाच्या वनस्पती-अभ्यासकाच्या पुस्तकात. म्हणजे बाराशे वर्षांनी.

शॅमरॉक म्हणजे नेमकं कोणतं झाड, हेही पक्कं नाही. आयरिश शब्दाचा अर्थ एवढाच, की लहानसा, कोवळा घास. आपल्याकडे दुभत्या जनावरांना बरसीम घालतात ना, त्याचे हे भाऊबंद. 1893 साली नॅथॅनिएल कोल्गन नावाच्या हौशी वनस्पतीतज्ज्ञाने देशभरातून लोकांना आपापला 'खरा' शॅमरॉक पाठवायला सांगितला. आलेली रोपं कुंडीत लावून, फुलं येऊ देऊन तपासली, तर निरनिराळ्या जाती निघाल्या, पिवळ्या फुलांचा बारका घास आणि पांढऱ्या फुलांचा घास यांतच मुख्य चुरस. 1988 साली पुन्हा तसाच प्रयोग झाला. तेव्हाही एकमत नाहीच. प्रत्येकाला खात्री मात्र, की आपल्या परसातला तोच खरा. आजीबाईंचंही तसंच आहे. त्या बाजारातली कुंडी घेत नाहीत.

थॉमस डाइनली नावाचा इंग्रज प्रवासी 1681 साली आयर्लंडमध्ये हिंडत होता. त्याने लिहून ठेवलंय, की सतरा मार्चला सगळ्या थरांतले लोक टोपीला क्रूस लावतात, कुणी टाचण्यांचा, कुणी हिरव्या फितीचा, आणि साधी माणसं शॅमरॉक लावतात, वर ते खातातही, तोंडाला चांगला वास यावा म्हणून. सणाच्या हिरव्या रंगाची इतकी स्पष्ट जुनी नोंद मला दुसरी मिळाली नाही. त्यातही हिरवी फीत हा अनेक प्रकारांतला एक. पुढे कितीतरी वर्षं पोरांच्या छातीवर रंगीबेरंगी कागदी क्रूस असत, लाल, पिवळे, निळे, जसा खडू हाताला लागेल तसे.

हिरवा देशाचा झाला तो देवळात नव्हे, लढाईत. 1642 साली ओवेन रो ओ'नील हा सेनानी स्पेनच्या चाकरीतून मायदेशी परतला तेव्हा त्याच्या जहाजावर हिरव्या भूमीवर सोनेरी हार्पचा झेंडा होता. निळ्या भूमीवरची हार्प इंग्लंडच्या राजाची, म्हणून भूमीचा रंग बदलला. दीडशे वर्षांनी, 1791 साली बेलफास्टमध्ये 'युनायटेड आयरिशमेन' ही संघटना उभी राहिली आणि तिने हाच हिरवा उचलला. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बेलफास्टचे हे संस्थापक बहुतेक प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट होते. त्यांचा नेता वुल्फ टोनही प्रोटेस्टंट. आयर्लंडला 'पाचूचं बेट' हे नाव 1795च्या एका कवितेतून मिळालं, तिचा कवी विल्यम ड्रेनन हा प्रेस्बिटेरियन धर्मगुरूचा मुलगा, पेशाने डॉक्टर. आज ज्याला सरसकट कॅथलिकांचा रंग म्हणतात तो या लोकांनी सगळ्यांचा म्हणून निवडला होता. 1798 साली त्यांचं बंड झालं, चिरडलं गेलं, आणि त्यानंतर हिरवी फीत ही बंडखोराची खूण ठरली. 'द वेअरिंग ऑफ द ग्रीन' हे गाजलेलं गाणं त्या दिवसांचं. हिरवं ल्यालेल्या माणसांना फासावर चढवतात, असं गाऱ्हाणं त्यात आहे.

सैन्यात तर एकोणिसाव्या शतकात आयरिश शिपायाने टोपीला शॅमरॉक लावला तर शिक्षा व्हायची. बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेतल्या लेडीस्मिथच्या बाजूला आयरिश पलटणींची माणसं मेली, तेव्हा 1900 साली राणी व्हिक्टोरियाने हुकूम काढला, की आयरिश पलटणींनी सेंट पॅट्रिकच्या दिवशी शॅमरॉक लावावा. लावला तर शिक्षा, वरून लावा असा हुकूम. रंग तोच, पाला तोच. 1903 साली सतरा मार्चची सुट्टीही मिळाली, तीही लंडनच्या पार्लमेंटकडून.

यात एक प्रसंग आपल्या देशातला आहे आणि आपल्याकडे तो फारसा कुणाला ठाऊक नाही. जून 1920. जालंधरच्या छावणीत कॉनॉट रेंजर्स ही ब्रिटिश सैन्यातली आयरिश पलटण. घरून बातम्या येत होत्या, की इंग्रज सरकारच्या तुकड्या आयर्लंडच्या खेड्यांत जाळपोळ करताहेत. अठ्ठावीस जूनला शिपायांनी काम बंद केलं. त्यांनी बाजारातून कापड आणलं, हिरव्या-पांढऱ्या-नारिंगी रंगांची फुलं करून इंग्रजी वर्दीवर टाचली, झेंडाही उभारला. बंड सोलनच्या तुकडीपर्यंत पोचलं. तिथे शस्त्रागारावर चालून जाताना दोघे मारले गेले. पुढारी जेम्स डेली याला दोन नोव्हेंबरला डगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. वय वीस. त्याचा मृतदेह मायदेशी न्यायला 1970 उजाडलं. मी रंगारी असल्यामुळे माझं मन त्या जालंधरच्या कापडवाल्याकडे जातं. तीन गोरे शिपाई दुकानात आले, तीन ताग्यांवर बोट ठेवलं, त्याने गजाने मापून, टर्रकन फाडून दिलं असेल. हे कशाला लागतंय, असं विचारलं असेल का? त्या रंगांचा पक्केपणा किती होता कोण जाणे. जूनअखेरचा पंजाब, घाम, आणि उद्या पाऊस.

त्या फुलातला नारिंगी कुठून आला, ती कथा तर रंगाऱ्यांनी कपाळाला हात लावावा अशी आहे. फ्रान्सच्या दक्षिणेत ऑरेंज नावाचं गाव आहे. नाव रोमन काळातलं, 'अराउसिओ'वरून आलेलं, संत्र्याशी काही संबंध नाही. ते संस्थान एका डच घराण्याकडे गेलं. त्या घराण्यातला विल्यम 1690 साली आयर्लंडमधल्या बॉइन नदीच्या काठी कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सला हरवून गेला. गावाचं नाव आणि फळाचं नाव सारखं झालं, म्हणून घराण्याने तो रंग घेतला, आणि म्हणून आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातल्या प्रोटेस्टंटांनीही. 1795 साली आर्मा परगण्यात ऑरेंज ऑर्डर निघाली, तिचे सभासद आजही बारा जुलैला गळ्यात नारिंगी पट्टे घालून ढोल वाजवत निघतात, उत्तर आयर्लंडमध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. एका शाब्दिक कोटीपायी दोनशे वर्षं डोकी फुटली. उद्या उठून कुणी म्हणालं, की नाशिकचं नाव नाकावरून पडलं म्हणून आमचा झेंडा कातडीच्या रंगाचा, तर आपण हसू. तिकडे हसता येत नाही.

बेलफास्टला मी रेल्वेने गेलो, डब्लिनपासून दोनेक तासांवर. तिथे काही गल्ल्यांत फुटपाथच्या कडेचे दगड लाल-पांढरे-निळे रंगवलेत, थोडं पुढे गेलं की हिरवे-पांढरे-नारिंगी. कोपऱ्यावर एक दगड अर्धा ह्यांचा, अर्धा त्यांचा. मी वाकून बघितलं. थरावर थर, जुना रंग पापुद्र्यासारखा सुटलेला. साधा ऑइल पेंट. जावई म्हणाला, "बाबा, उठा, लोक बघताहेत." तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की मी सकाळी कोणता मफलर गुंडाळलाय ते इथे कुणीतरी वाचतंय.

हे दोन रंग एका कापडावर आणायचा प्रयत्न 1848 साली वॉटरफर्डच्या थॉमस फ्रान्सिस मार या तरुणाने केला. हिरवा एकीकडे, नारिंगी दुसरीकडे, मध्ये तहाचा पांढरा. आज तोच देशाचा झेंडा. आपल्या तिरंग्याचे पट्टे आडवे, त्यांचे उभे, आणि गणेशोत्सवात डब्लिनला मराठी मंडळींनी लावलेल्या पताका बघून आयरिश शेजाऱ्यांना दर वर्षी वाटतं, की हे आपलेच रंग चुकून आडवे लावलेत.

मग हे चिमट्याचं, टोपीचं, हिरव्या दाढीचं आलं कुठून? दुष्काळाने देशोधडीला लागून अमेरिकेत गेलेल्या आयरिश माणसाला तिथे स्वतःची ओळख मोठ्याने सांगावी लागत होती. न्यूयॉर्कची मिरवणूक तर त्या दुष्काळाच्याही आधीची, 1762 पासूनची आहे, डब्लिनची सरकारी मिरवणूक 1931ची. सण तिकडे वाढला आणि मग इकडे परत आला. लेप्रकॉन नावाचा बुटका हिरव्या कोटात दाखवतात, जुन्या लोककथांत तो लाल कोट घालतो. एकांडी भुतं लाल आणि घोळक्याने हिंडणारी हिरवी, असं 1888 साली आयरिश कवी यीट्सने नोंदवून ठेवलंय. उलट, खेड्यांत पोराला हिरवं घालू नये, परीलोकातली माणसं उचलून नेतील, अशी समजूत होती. आजीबाईंच्या आजीने त्यांच्यासाठी हिरवा झगा शिवू दिला नव्हता. आणि अमेरिकेत सांगतात काय, तर हिरवं घातलं की लेप्रकॉनला तुम्ही दिसत नाही, नाहीतर तो चिमटा काढतो. पूर्ण उलटं.

शिकागोत 1962 पासून सणाला नदी हिरवी करतात. नळ-कामगार संघटनेची माणसं गटारगळती शोधायला जी रंगपूड वापरत, तिच्यातून ही कल्पना निघाली. पहिल्या वर्षी शंभर पौंड पूड टाकली, नदी आठवडाभर हिरवी राहिली. आता वनस्पतिज पूड वापरतात, आणि ती पूड नारिंगी असते. पाण्यात पडली की हिरवी. हे मला इतकं आवडलं, की मी त्याचा व्हिडिओ तीनदा बघितला. अर्थात इचलकरंजीच्या माणसाने नदी रंगवण्यावर फार बोलू नये. पंचगंगेला रंग यायला आमच्याकडे सण लागत नाही, आणि चौतीस वर्षं त्या पापात माझाही वाटा आहे.

या सणात एक नाव आपल्या कोकणातलंही आहे. वराडचे अशोक वराडकर डॉक्टर होऊन परदेशी गेले, त्यांचा मुलगा लिओ आयर्लंडचा पंतप्रधान झाला. 17 मार्च 2024ला त्याने व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या हाती शॅमरॉकचं काचेचं भांडं दिलं, 1952 पासूनची ती रीत. तीन दिवसांनी त्याने पद सोडत असल्याचं जाहीर केलं. मालवण तालुक्यातल्या माणसाचा मुलगा ते भांडं देतो आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, तिथवर हा पाला आलाय. त्या सणाचं मला हे सगळ्यात आवडतं. कुणीही यावं, एक पान लावावं, त्या दिवसापुरतं आयरिश व्हावं.

रंगाऱ्याची एक गोष्ट सांगतो. झाडापाल्याच्या रंगांत धड पक्का असा हिरवा मिळत नाही. आपल्याकडे आधी निळीच्या हौदात बुडवायचं, वाळवायचं, मग हळदीत किंवा डाळिंबाच्या सालीत. युरोपात निळ्यासाठी वोड, पिवळ्यासाठी वेल्ड. जुन्या राजवाड्यांतल्या भिंतीवरच्या पडद्यांत झाडं निळी दिसतात ना, ती विणली तेव्हा हिरवीच होती. उजेडाने वरचा पिवळा उडाला, खालचा निळा उरला. रिअॅक्टिव्ह रंगांतही पोपटी हवा असला की मी टर्क्वॉइज आणि लेमन यलोच जोडायचो. आयर्लंडचा हिरवाही मला असाच दिसतो. खाली राजाचा निळा, वर अंगरख्याचा केशरी-पिवळा. इतिहासकार याला हसतील, हसू देत. पण त्या हिरव्याला जी किंमत आली ती तो घालायला छाती लागत होती म्हणून आली. ज्या रंगापायी माणसं पकडली गेली, तो अंगावर नाही म्हणून आता चिमटा काढायचा, हा व्यवहार मला पटत नाही. चिमटा बारका आहे, खेळीमेळीचा आहे, कबूल. पण 1537च्या कायद्याचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच दिशेला त्याचं आहे. अमुक घाल, तमुक घालू नकोस.

हे लिहायचं कारण डब्लिन नाही. वीसेक वर्षांपूर्वी मराठी वृत्तपत्रांनी नवरात्राचे नऊ रंग घरोघर पोचवले. पहिली माळ कोणत्या वारी त्यावर क्रम ठरतो, धर्मशास्त्राचा त्याला आधार नाही. आम्हा प्रोसेसवाल्यांचं भलं झालं, खोटं कशाला बोलू. पूर्वी राखाडी साडी सणाला कोण घेत होतं? पुढे पितृपक्षात राखाडीचे लॉट लागायचे. लोकलच्या डब्यात, बँकेत, शाळेत एका रंगाच्या पन्नास बायका हसत उभ्या दिसतात, बघायला छान वाटतं, आयर्लंडच्या मिरवणुकीइतकंच.

आमच्या प्रोसेसमध्ये चेकिंगच्या टेबलावर एक बाई होती. दिवसाला हजारो मीटर कापड तिच्या डोळ्यांखालून जायचं. एका नवरात्रात राखाडीच्या दिवशी ती नेहमीच्या विटक्या जांभळ्या साडीत आली. दुपारी सगळ्यांचा फोटो काढायचा ठरला, फोटो काढणारा मी, हातात नवा मोबाइल. कुणीतरी म्हणालं, "अगं, आज राखाडी हाय, म्हाईत न्हाई व्हय?" ती म्हणाली, "माझ्याकडं त्यो रंग न्हाई," आणि ताग्यांच्या थप्पीमागे गेली. त्या थप्पीत तेव्हा आठ हजार मीटर राखाडी कापड होतं, मीच रंगवलेलं. मी फोटो काढला. चांगला आला, सगळ्या एका शेडमध्ये.

तुमच्या कचेरीत किंवा सोसायटीत यंदा नवरात्रात मोबाइल तुमच्या हातात असेल, तर ताग्यांमागे कोण गेलंय ते आधी बघा. तिला हाक मारून पुढच्या रांगेत उभी करा, आणि मग बटण दाबा.